पेशींचे निरोप – लेखांक ११ : मेंदूवाचून आठवण

गेल्या आठवड्यात आपण इफ्रिन या पेशीपृष्ठावरच्या प्रथिनापाशी थांबलो. दोन पेशी एकमेकींना टेकतात, ग्राहींमार्फत निरोप आत पोचतो आणि त्या मागे सरतात. हे मागे सरणं कसं घडतं ते आज सांगायचं कबूल केलं होतं, पण ते पुढे ढकलतो आहे. कारण आहे मेहकरच्या एका शिक्षिकेचं पत्र. त्यांनी वर्गातल्या मुलांना लोणार दाखवलं आणि २०२० साली सूक्ष्म जिवांमुळे सरोवर गुलाबी कसं झालं तेही सांगितलं. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "त्या जिवांना डोळे नाहीत, मेंदू नाही. मग कुठे जायचं ते त्यांना कळतं कसं?"

या लेखमालेत आपण जे काही बोलतो आहोत, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. इफ्रिन आठवडाभर थांबू शकतं.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा वनविभागाने नमुने नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकर संस्थेत ते पाणी स्थिर ठेवल्यावर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वर स्वच्छ पाणी उरलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या पेशींचा होता. त्या पेशी हॅलोआर्किया गटातल्या. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा आणि अल्कता वाढली, तसं त्यांचं फावलं. पावसाचं पाणी मिसळल्यावर त्या ओसरल्या.

या कुळातली सर्वांत जास्त अभ्यासलेली पेशी म्हणजे हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम. नावात बॅक्टेरियम असलं तरी ती आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या कुळातली. मिठागरांत आणि खारवलेल्या मासळीवर ती सापडते. तिचं आणखी एक भावंड, नॅट्रोनोमोनास फॅरोनिस, इजिप्तच्या वादी नत्रूनमधलं, लोणारसारख्याच सोड्याच्या पाण्यात राहणारं. लोणारच्या प्रत्येक गुलाबी पेशीत पुढे सांगतो ती सगळी यंत्रणा असेलच असं नाही, पण या घराण्यात ती आहे आणि तिच्यावर मी वर्षानुवर्षं लुब्ध आहे.

अति खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तो फारच कमी पडला की हॅलोबॅक्टेरियम उन्हावर गुजराण करतं. त्याच्या आवरणात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळं प्रथिन असतं. प्रकाश पडला की ते प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. १९७१ साली ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी हे प्रथिन ओळखलं. पण उन्हात अतिनील किरणही असतात आणि ते डीएनएची नासधूस करतात. म्हणजे ऊन हवं, पण निवडून घेतलेलं.

ही निवड करतात दोन प्रकाशग्राही. पहिला प्राणवायूच्या टंचाईत तयार होतो. नारिंगी प्रकाश वाढला की तो 'चालू दे' म्हणतो. त्याच्या जोडीला जवळचे अतिनील किरण आले की तोच ग्राही उलट निरोप देतो, 'फीर मागे'. दुसरा ग्राही प्राणवायू भरपूर असताना कामाला लागतो. तेव्हा उन्हाची गरज नसते, फक्त धोका असतो. म्हणून निळा-हिरवा प्रकाश दिसताच हा ग्राही पेशीला मागे वळवतो. एकाच पेशीचं मत परिस्थितीप्रमाणे असं बदलतं.

ग्राही बोलतो कोणाशी? शेजारी चिकटून असलेल्या निरोप्या प्रथिनाशी. तो निरोप चे-ए या विकराकडे जातो. चे-ए एक फॉस्फेट उचलून चे-वायच्या हाती देतं. फॉस्फेट घेतलेलं चे-वाय पोहत जातं आणि शेपट्या फिरवणाऱ्या मोटरला लागतं. मोटर उलटी फिरते, पेशी उलट्या दिशेला निघते. ई. कोलायसारख्या जिवाणूंतही हीच साखळी असते. तिथे सुरुवातीला प्रकाशाऐवजी अन्नाचा रेणू असतो आणि मागे फिरण्याऐवजी जिवाणू गिरकी घेतो.

आता नीट लक्ष द्या. या साखळीत 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ' असा निरोप कुठेच नाही. निरोप एवढाच : पुढचं वळण लवकर घे, किंवा लांबव. बरं चाललं असेल तर वळण लांबतं, बिघडत असेल तर लवकर येतं. गिरकीनंतर तोंड कुठे होईल ते दैवावर. एवढ्यानेही पेशी हव्या जागी पोचते.

पण 'बरं चाललंय' हे ठरवायला आधी कसं होतं ते माहीत हवं. ई. कोलायची लांबी दोन मायक्रॉन. तिच्या दोन टोकांवरच्या अन्नात फरक तो किती असणार? १९७२ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला मॅकनॅब आणि कोशलँड यांनी जिवाणू तुलना कशी करतात याचा छडा लावला. त्यांनी साल्मोनेलाचे जिवाणू क्षणार्धात जास्त सेरीन असलेल्या द्रावणात मिसळले. द्रावण सगळीकडे सारखंच, म्हणजे जायला चांगली दिशाच नाही. तरीही जिवाणू गिरक्या सोडून सरळ पोहू लागले. ते जागांची तुलना करत नव्हते, क्षणांची करत होते. अंधारात रातराणी शोधणारा माणूस 'मघापेक्षा वास वाढला का' एवढंच पाहतो, तसं.

ही आठवण राहते खुद्द ग्राहींवर किंवा त्यांच्या निरोप्या प्रथिनांवर. त्यांच्या शेपटाकडच्या भागावर चे-आर विकर मिथाइल गट चढवतं आणि चे-बी ते उतरवतं. ही चढउतार फॉस्फेटच्या निरोपापेक्षा सावकाश होते. त्यामुळे मिथाइल गटांची संख्या काही सेकंदांपूर्वीची परिस्थिती सांगते आणि ग्राही आत्ताची. दोहोंमधला फरक म्हणजेच निर्णय. त्या मुलीला माझं उत्तर हे : त्यांना मेंदू नाही, पण आठवण आहे, आणि ती मिथाइल गटांत मोजता येते.

आपल्या पांढऱ्या पेशी मात्र आकाराने मोठ्या, साधारण दहा मायक्रॉनच्या. त्या दोन टोकांची थेट तुलना करू शकतात. पुढच्या आठवड्यात इफ्रिनकडे वळू तेव्हा हा फरक लक्षात ठेवा, तिथे तो कामी येईल.

जाता जाता लोणारबद्दल एक विनंती. हॅलोबॅक्टेरियम गोड्या पाण्यात टाकलं तर फुटतं, कारण त्याचं कवच मिठावरच टिकतं. अशा जिवांच्या दृष्टीने लोणारचं पाणी हीच त्यांची भिंत. २०२० मध्ये सरोवराला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, पण दर्जाने पाणी राखलं जात नाही. बुलढाण्याच्या वाचकांनी, विशेषतः शिक्षकांनी, सरोवरात सांडपाणी उतरू नये यासाठी आग्रह धरावा.