वैदिक स्वराने सोडवलेले कोडे

संस्कृतातला ‘पितृ’ लॅटिनमध्ये ‘पातेर’ होतो, इंग्रजीत मात्र ‘फादर’. ‘पाद’ आणि ‘फुट’ यांतही ‘प’च्या जागी ‘फ’च येतो. ‘त्रि’चे ‘थ्री’, ‘दश’चे ‘टेन’, ‘भ्रातृ’चे ‘ब्रदर’ हे बदलही असेच ठरावीक आहेत. एकाच मूळ भाषेतून निघालेल्या या भगिनी भाषा. त्यांतल्या जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या पूर्वज भाषेत, व्यंजनांची अख्खी रांगच सरकली: ‘ध’चा ‘द’, ‘द’चा ‘त’ आणि ‘त’चा ‘थ’ झाला.

डेन्मार्कच्या रास्मुस रास्क याने १८१८ मध्ये हे साम्य दाखवले आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिमने त्याची नियमबद्ध मांडणी केली. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच. नियमाला अपवादही होते. ‘स’ला जोडून आलेला ‘त’ बदलत नाही, म्हणून ‘अस्ति’ जर्मनमध्ये ‘इस्ट’ राहिले. याचे कारण शेजारच्या ध्वनीतच दिसते. दुसरा अपवाद मात्र छळणारा होता. वुल्फिलाने चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्यात भावासाठी ‘ब्रोथर’ आहे, पण वडिलांसाठी ‘फथर’ नाही, ‘फदर’ आहे. दोन्ही शब्दांत मूळ व्यंजन ‘त’च, मग एकीकडे कठोर ‘थ’ आणि दुसरीकडे मृदू ‘द’ का?

उत्तर कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाला वैदिक संस्कृतात सापडले. ‘भ्राता’मध्ये उदात्त स्वर (आघात) ‘भ्रा’वर, म्हणजे ‘त’च्या लगेच आधी आहे. ‘पिता’मध्ये तो ‘ता’वर आहे. ऋग्वेदाच्या छापील संहितेत ‘पि’खाली अनुदात्ताची आडवी रेघ असते, ती हेच सांगते. आधीच्या अक्षरावर आघात असला तर व्यंजन कठोर राहिले, नसला तर शब्दाच्या आत ते मृदू झाले. जर्मानिक भाषांत पुढे आघात शब्दाच्या आरंभी स्थिरावला आणि कारण पुसले गेले, परिणाम तेवढा उरला. वेदपाठकांनी मात्र पिढ्यानपिढ्या स्वर काटेकोरपणे जपले होते. त्या पाठांतराचे हे मोल युरोपातल्या भाषाशास्त्राने मोकळेपणाने मानले.

वेर्नरचा लेख १८७७ मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी ओस्टहोफ आणि ब्रुगमान या भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतात, असे जाहीरपणे मांडले.