दोन मिनिटांचा विमानप्रवास

दादरहून परळला जायला विमान, असे कोणी म्हटले तर वाचक आम्हाला वेड्यात काढतील. पण जवळपास तेवढ्याच अंतरासाठी रोजच्या कामाला विमानात बसणारी साधी माणसे जगात आहेत.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ऑर्कने नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील धावपट्ट्यांत अंतर फक्त २.७ किलोमीटर! मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी. १९६७ साली लोगनएअर कंपनीने येथे विमानसेवा सुरू केली. जगातील सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास म्हणून ती ओळखली जाते. विमान आठ-नऊ माणसांचे. एक उतारू तर वैमानिकाच्या शेजारीच बसतो, आपल्याकडे जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसतात तसा.

वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असताना एकदा तो अवघ्या ५३ सेकंदांत झाला. आम्ही पडलो हिशेबाचे माणूस, म्हणून कागद-पेन्सिल घेतली. ५३ सेकंदांत २.७ किलोमीटर म्हणजे ताशी सुमारे १८३ किलोमीटर. मग नेहमी जास्त वेळ का लागतो? कारण विमान उडते व उतरते ते वाऱ्याच्या तोंडावर. वारा उलट्या दिशेचा असला की वळसा आला. शिवाय वेळापत्रकातील वेळ नुसती आकाशातली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभे राहीपर्यंतची ती असते. म्हणूनच नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजले, त्याला वेगाने भागले, म्हणजे प्रवासाची वेळ मिळाली असे होत नाही. लहान मार्गावर तर मुळीच नाही.

पर्यटक हौसेने येतात ते सोडा. पापा वेस्ट्रेवर वस्ती शंभराच्या आत-बाहेर. शिक्षक, विद्यार्थी, आजारी माणसे, वैद्यकीय कर्मचारी यांना या विमानाचा आधार. हे विमान कर्कवॉल या मुख्य गावाशीही बेटांना जोडते, आणि मोठे इस्पितळ तेथेच आहे. नुसत्या तिकिटाच्या पैशावर अशी सेवा चालणार नाही, हे बी.कॉम. न झालेल्यालाही कळेल. तेथील स्थानिक कौन्सिल तिला पैसा पुरवते. शंभर माणसांसाठी एवढा खर्च कशाला, असे विचारणारे तेथेही असतीलच. आमचे म्हणणे, त्यांनी एकदा आजारी म्हातारीला घेऊन बोटीची वाट पाहावी.

आपल्याकडे 'उडान' योजनेत २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. तासाभराच्या प्रवासाला, ठरावीक जागांसाठी सुमारे २,५०० रुपये भाडे व कंपनीची तूट सरकारने भरायची, अशी योजना होती. कल्पना चांगली. पण २,५०० रुपये म्हणजे बिगारी कामगाराची कित्येक दिवसांची मजुरी. तो एस.टी.नेच जाणार. तेव्हा तूट कोणाच्या प्रवासाची भरली जाते, हे पाहायला हवे.

पापा वेस्ट्रेवर वादळ किंवा दाट धुके आले की मात्र विमानही उडत नाही. मग २.७ किलोमीटरवरचा समोरचा किनारा नुसता ओळखून असायचे.