गाठींची फुलं आणि आपली मनगटं

या पानावर आपण आजवर रक्तदाब, साखर, रक्त कमी असणं यांवर बोललो. या वेळी दोऱ्यावर बोलायचं आहे. कारण वस्तीवस्तीतून फिरताना दिसतंय की खिडकीच्या गजाला, दाराच्या कडीला, कुठे कुठे पायाच्या अंगठ्याला पांढरे दोरे बांधलेले आहेत आणि बायका-मुली गाठी मारत बसल्या आहेत. मॅक्रमची फुलं, पाकळ्यांची तोरणं, भिंतीवरची झुंबरं. कोणी हौसेनं करतं, कोणी नगावर. आणि मग मला विचारणा होते ती डिझाइनची नसते. "ताई, रात्री हाताला मुंग्या येतात, झोप मोडते, काय करू?" अशी असते.

म्हणून आधी फूल कसं करायचं ते सांगते, मग हाताचं. दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत.

मॅक्रम हा शब्द अरबी-तुर्की मुलखातून आला. विणलेल्या कापडाच्या कडेला सुटलेले दोरे गाठी मारून झालरीसारखे सजवायचे, ही ती कला. जहाजावरचे खलाशी लांबच्या प्रवासात वेळ घालवायला गाठींच्या वस्तू करत आणि बंदरात विकत. आपल्याकडे 1980 च्या पुढेमागे नायलॉनच्या दोऱ्याच्या मॅक्रम पिशव्या आणि झुंबरं घरोघर होती, तुमच्या आईच्या पेटीत एखादी अजून सापडेल. पण दोरीला गाठ मारून वस्तू करणं आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. शिंकं आठवा. घायपाताचा वाख काढून, वळून, गाठी मारून केलेलं शिंकं हे मॅक्रम नाही तर काय? कासरा, दावं, चऱ्हाट, बैलाची मुसकी हे सगळं हातानंच व्हायचं. गावगाड्यात दोर वळणं मातंग समाजाच्या माथी मारलेलं काम होतं. त्या हातांना कलाकार कोणी म्हटलं नाही, वर्षाला चार पायल्या धान्य टाकलं की झालं. आज तीच गाठ सुती दोऱ्यात मारून दुकानाच्या काचेआड लटकली की तिची किंमत हजारात जाते. हे मनात असू द्या, पुढे पैशाच्या गोष्टीला उपयोगी पडेल.

आता फूल. तीन मिलिमीटर जाडीचा, सैल पिळाचा सुती दोरा घ्या. गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजारात वजनावर मिळतो. नायलॉनचा स्वस्त पडतो, पण तो विंचरला की फुलत नाही आणि त्याची टोकं मेणबत्तीवर जाळून बंद करावी लागतात. घरात लहान मूल असेल, अंगावर सिंथेटिक साडी असेल, तर ते जाळणं टाळलेलंच बरं. वितळलेला नायलॉनचा थेंब कातडीला चिकटतो आणि खोलवर भाजतो.

एका पाकळीला तीस सेंटिमीटरचा एक दोरा लागतो, तो मधला. शिवाय बारा-बारा सेंटिमीटरचे वीस तुकडे. मधला दोरा दुमडून वर छोटासा फास ठेवा. आता एक तुकडा दुमडा आणि मधल्या दोऱ्याच्या खालून असा सरकवा की त्याचा फास डावीकडे आणि टोकं उजवीकडे येतील. दुसरा तुकडा दुमडून त्याचा फास पहिल्याच्या फासातून खालून वर काढा आणि मधल्या दोऱ्यावरून उजवीकडे न्या. पहिल्याची टोकं या दुसऱ्या फासातून ओवा. दोन्ही बाजू सारख्या ओढा. गाठ बसली. पुढच्या ओळीला पहिला फास उजवीकडे ठेवून सुरुवात करा, नाहीतर पाकळी एका अंगाला कलते. अशा दहा ओळी झाल्या की गाठी बोटानं वर सरकवून घट्ट बसवा, बारीक दातांच्या फणीनं दोरे विंचरा आणि कात्रीनं पाकळीचा आकार कापा.

ही जी गाठ तुम्ही दहा वेळा मारलीत ती आम्हा नर्सांच्या रोजच्या ओळखीची आहे. हात मोडलेल्या माणसाला त्रिकोणी पट्टीची झोळी बांधतो तेव्हा हीच गाठ मारतो. आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. ती सपाट बसते, टोचत नाही, आपसूक सुटत नाही आणि सोडायची म्हटलं की सहज सुटते. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलं की गाठ तिरकी होते आणि घसरते. शिकाऊ पोरींकडून पट्टी बांधताना हमखास होणारी चूक हीच. मॅक्रममध्ये मात्र त्या चुकीचंच नक्षीकाम झालंय. मधल्या दोऱ्याभोवती एकाच बाजूची अर्धी गाठ पुन्हा पुन्हा मारत राहिलं की आपोआप पीळ पडतो आणि वेलीसारखी गोल गोल फिरणारी काठी तयार होते. फुलाचा देठ त्याचाच करा.

पाकळी लुळी पडत असेल तर भाताची पेज पातळ करून लावा आणि कडक उन्हात वाळवा. पेज ओली राहिली तर बुरशी येते आणि झुरळंही येतात, म्हणून पावसाळ्यात हा उद्योग नको. पाच पाकळ्या झाल्या की जुन्या धातूच्या बांगडीला त्यांच्या मधल्या दोऱ्यांची टोकं दुहेरी गाठीनं बांधा, मध्ये लाकडी मणी बसवा. बांगडी दोऱ्यानं पूर्ण मढवली तर अजून छान. वर टांगायला निंबाची वाळलेली फांदी साल काढून, काचकागदानं घासून वापरता येते. विकतच्या काठीचे पैसे वाचतात.

डिझाइनसाठी मुली मोबाइलवर परदेशी सूर्यफुलं शोधत बसतात. माझं म्हणणं, एकदा अजिंठ्याला जा. आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. लोक भिंतींवरची चित्रं बघतात आणि छताकडे मान वर करत नाहीत. क्रमांक 2 च्या लेण्याच्या छतावर गोलात गोल असं उमललेलं कमळ आहे, त्याच्या पाकळ्यांचे थर मोजून घ्या. क्रमांक 1 मधल्या पद्मपाणीच्या हातातही कमळ आहे. पैठणीच्या पदरावरची आसावली, म्हणजे फुलांची वेल, तीही याच मातीतली. कमळ करायचं तर पाकळ्यांचे तीन थर घ्या, आतल्या थराच्या पाकळ्या सहा-सात ओळींच्या, बाहेरच्या दहा ओळींच्या.

आता हात. गाठ ओढताना आपण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीनं दोरा धरतो आणि मनगट आत वळवतो. दिवसातून हजारदा. मनगटाच्या आत एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या शिरा म्हणजे स्नायूंचे दोर आणि एक मज्जातंतू जातो. दोर सुजले की तो मज्जातंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात, रात्री जास्त. हात झटकला की बरं वाटतं. करंगळीला मात्र काही होत नाही. ही खूण लक्षात ठेवा, डॉक्टरला सांगायला उपयोगी पडते. गरोदर बाई, साखरेचा आजार असलेली आणि थायरॉइड कमी असलेली बाई यांना हा त्रास लवकर होतो. म्हणून नुसतं तेल चोळून गप्प बसू नका, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या.

दुसरं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवली की मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला कळ येते. बाळंतीण बाळ उचलून उचलून या दुखण्यात आधीच अर्धी पोचलेली असते. तिच्या हातात वर नगाचं काम दिलं तर काय होईल? वस्तीत ओल्या बाळंतिणीला "बसल्या बसल्या कर" म्हणून दोरे देणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. सासूबाई, निदान तीन महिने थांबा.

यावर उपाय काही महागाचे नाहीत. दोरा पायाच्या अंगठ्याला बांधून, पाठीचं धनुष्य करून काम करू नका. काम छातीच्या उंचीवर येईल असं खिडकीच्या गजाला टांगा. पाठ भिंतीला टेकवा, खुर्ची नसेल तर उलटा डबा चालतो. कोपरं अंगाजवळ ठेवा. गाठ घट्ट करताना दोरा मुठीला एक वेढा देऊन ओढा म्हणजे चिमटीवर भार येत नाही आणि मनगट सरळ राहतं. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. नळाला पाणी आलं, दूध उतू गेलं म्हणून तुम्ही उठताच, तसंच हातासाठीही उठा. बोटं ताणा, खांदे फिरवा, लांब कुठेतरी बघा. चाळिशी उलटली असेल आणि गाठ दिसायला काम लांब धरावं लागत असेल तर चष्मा लागलाय, तो घ्या. दिवा डोक्यामागून नको, बाजूनं हवा.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपलं तर बऱ्याच जणींना आराम पडतो. मात्र अंगठ्याच्या गादीचा मांसल भाग बारीक दिसू लागला, हातातून कप निसटू लागला, तर आणखी वाट पाहायची नाही. घाटीत अस्थिरोगाच्या ओपीडीला दाखवा. कोपऱ्यावरच्या दुकानातून "कळ थांबवायची" पुडी घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असलं तर साखर वाढते, आणि दुखण्यावरच्या गोळ्या उपाशीपोटी रोज खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

दोरा विंचरताना कापसाचे बारीक तंतू उडतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी तोंडाला ओढणी बांधावी, टोकं किंचित ओली करून विंचरावीत आणि हे काम दाराबाहेर करावं.

हेच गाठींचं काम बऱ्याच जणींचं मनही शांत करतं, हे मी नाकारत नाही. पहिल्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांना विणकाम, टोपल्या असली कामं देऊन हात आणि मन दोन्ही सावरायला मदत केली जाई, आजही व्यवसायोपचारात गाठींचं काम वापरतात. पण ज्या बाईला झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, तिला दोऱ्याची लडी देऊन मोकळं होऊ नका. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, तो तिला लावून द्या.

तयार फूल कुठे टांगायचं हेही आरोग्याचंच आहे. आपल्या घरात भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोभोवती ते लावायची इच्छा होते आणि तिथंच आपण मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. विंचरलेला सुती दोरा म्हणजे वातच. फूल फोटोच्या वर न लावता लांब बाजूला लावा, पंख्याच्या वाऱ्यानं झालर ज्योतीपर्यंत येत नाही ना हे बघा. गॅसच्या भिंतीवर तर नकोच. कोणी भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका, आणि जखम मोठी असेल तर 108 ला फोन करा. बाळाच्या झोळीवर किंवा पाळण्यावर लांब दोऱ्यांचं झुंबर टांगू नका. दोरा गळ्याभोवती अडकतो आणि मणी सुटला की तोंडात जातो. ओल येणाऱ्या भिंतीवरही नको. महिन्या-दोन महिन्यांनी फूल थंड पाण्यात साबणानं हलकं धुवा, न पिळता चादरीवर आडवं वाळवा, म्हणजे धूळ साचून घरातल्या दमेकऱ्याला त्रास होणार नाही.

राहिला पैसा. नगावर काम देणारा माणूस दोरा देतो, नग मोजून नेतो आणि वेळ मोजत नाही. तुम्ही मोजा. समजा एका फुलाला विंचरणं-कापणं धरून चार तास लागले आणि हातात साठ रुपये आले, तर तासाला पंधरा रुपये झाले. हा आकडा वहीत लिहिलेला असला की भाव करताना तोंड उघडतं. एकटीनं बोलण्यापेक्षा गल्लीतल्या सगळ्यांनी एकच भाव सांगावा. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि 1946 मध्ये कारखान्याचा आठवडा 48 तासांवर आला. पण तो कायदा कारखान्याच्या भिंतीआतल्या कामगाराला लागू झाला. घराच्या भिंतीआत रात्री अकरापर्यंत गाठी मारणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1996 मध्ये करार केला, त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही.

तोवर निदान कामगार म्हणून नाव तरी नोंदवा. ई-श्रमवर 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगाराची नोंद मोफत होते. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँकेचं पासबुक घेऊन जा. व्यवसाय विचारला की "गृहिणी" सांगू नका. जे करता तेच काम सांगा.