अधिवेशनाला जायचं, पण कशासाठी?

"तिकडे जाऊन करणार काय? भाषणं ऐकणार, जेवणार आणि परत येणार."

राज्य अधिवेशनाचा विषय घरात निघाला तेव्हा सासूबाई असं म्हणाल्या. मी काही बोलले नाही, कारण तीन वर्षांपूर्वी आम्ही नेमकं तेवढंच करून आलो होतो. शिक्षकांच्या संघटनेचं ते अधिवेशन. पालघर जिल्ह्यातल्या उर्दू शाळांमधून आम्ही चौघी गेलो होतो. मांडवात अगदी मागच्या खुर्च्या मिळाल्या. आमच्या जिल्ह्याचा ठराव शेवटच्या सत्रात 'इतर विषय' या मथळ्याखाली आणखी आठ-दहा ठरावांबरोबर एका दमात वाचला गेला. "मंजूर?" "मंजूर!" तोवर निम्मी माणसं जेवणाच्या रांगेत उभी होती. येताना एक पिशवी, एक पेन आणि छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. पिशवी माझी मुलगी अजून ट्यूशनला नेते. ठरावाचं पुढे काय झालं, ते कोणी कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोष एकट्या संघटनेचा म्हणता येणार नाही. आम्हीच तयारी न करता गेलो होतो.

यंदा बोईसर, तारापूर, चिंचणी आणि मनोर इथली नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. "आपा, तुम्ही बी.एड., मराठी चांगलं बोलता," असं म्हणत सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं.

पहिली बैठक रविवारी जोहरनंतर आमच्याच घरी झाली. ठराव बाजूलाच राहिला, दोन तास गेले ते जायचं कसं यावर. अधिवेशन मराठवाड्यात, म्हणजे रात्रीची गाडी. एका मॅडमच्या घरून निरोप आला होता की महरम सोबत नसेल तर पाठवणार नाही. यावरून हसणाऱ्या दोघीजणी होत्या, त्यांना मी गप्प केलं. ज्या घराची जी रीत आहे ती धरूनच मार्ग काढावा लागतो, नाहीतर ती बाई येतच नाही आणि आपण मात्र नंतर म्हणतो की आमच्या बायका पुढे येत नाहीत. शेवटी त्यांचे शौहर स्वतःच्या खर्चाने सोबत यायला तयार झाले. भल्या माणसाने सगळ्यांचं सामान उचललं, पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि तिसऱ्या दिवशी तर कोणत्या जिल्ह्याचा ठराव कितवा आहे हे आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ झालं होतं.

रजेचंही तसंच. अधिवेशनासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते, पण अर्ज वेळेत गेला तर. दोघींचे अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहिलेले होते. ते मागे लागून पुढे पाठवले. नोंदणीचे पैसे, कूपनं, परतीचं आरक्षण, घरी मुलांच्या डब्याची सोय. बाईमाणसाच्या अधिवेशनाची निम्मी तयारी स्वयंपाकघरातच होते.

दुसऱ्या बैठकीत ठराव निघाला.

आमची अडचण थोडक्यात सांगते. उर्दू शाळांत शिक्षकांच्या काही जागा बिंदुनामावलीप्रमाणे राखीव असतात. त्या प्रवर्गातला, उर्दू माध्यमातून शिकलेला उमेदवार मिळत नाही, म्हणून जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. ती दुसऱ्याला देता येत नाही आणि वर्गात शिक्षकही नसतो. मग एकच बाई दोन-तीन इयत्ता एकत्र बसवते. बोईसरला तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं दरवर्षी नव्याने दाखल होतात, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी बिहारमधून. त्यांच्यासाठी वर्गात उभं राहणारं माणूस हवं.

आमच्यातल्या एका सरांनी मसुदा लिहून आणला होता. एकच ओळ: उर्दू शाळांतील राखीव जागा खुल्या कराव्यात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मॅडम म्हणाल्या, "सर, आपल्या शाळेच्या भिंतीपलीकडे मराठी शाळा आहे. तिथे निम्मी मुलं वारली आहेत. त्यांच्यातला एखादा शिकून मास्तर झाला, तर त्याची जागा काढून घ्या असं आपण राज्याच्या मांडवात जाऊन म्हणायचं का? तेही पालघर जिल्ह्याच्या नावाने?"

सर चिडले. "मग आपली मुलं वाऱ्यावर सोडायची का?" म्हणाले. दोघांचंही खरं होतं. चहा थंड झाला.

मला तेव्हा टिटवाळ्याची आठवण झाली. ही हकीकत मी बी.एड.च्या वर्षी गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात वाचली होती. पुस्तक १९७० चं. त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या घरांत लाल बावट्याचं नाव काढलं की लोक जरा सावरून बसतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या राजकारणाशी मला इथे कर्तव्य नाही. पण राज्याच्या अधिवेशनाला माणसं कशी न्यावीत, हे आपल्याच जिल्ह्यात घडलेल्या या गोष्टीवरून शिकण्यासारखं आहे, म्हणून सांगते. त्या दिवशी बैठकीतही सांगितली.

७ जानेवारी १९४५ ला कल्याणजवळ टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचं अधिवेशन भरायचं होतं. किसान सभेचं राज्य पातळीवरचं हे पहिलंच. त्याच्या तयारीसाठी गोदावरीबाई तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात फिरल्या. हा तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि इकडे तलासरी राहिली. पुण्यात वाढलेली, वकिली शिकलेली ही बाई पाड्यापाड्यांवर पायी हिंडली. वारली तिच्याशी बोलायलाही घाबरत. कोरे कपडे घातलेलं माणूस पाड्यावर आलं की ते सावकाराचं नाहीतर सरकारचं, आणि दोन्हींकडून मारच, असा त्यांचा अनुभव.

काय होतं त्या काळी? वेठबिगार होती. जमीनदाराने बोलावलं की आपलं शेत सोडून त्याच्या शेतावर फुकट राबायचं. आणि लग्नगडी होता. लग्नासाठी शे-दोनशे रुपये कर्ज काढायचं आणि त्या बदल्यात नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं. कर्ज फिटायचं नाही, माणूस मात्र संपायचा. (शादीचा हॉल, जेवणावळ आणि जहेज यांपायी कर्ज काढणाऱ्या आपल्या घरांनीही हा शब्द एकदा ऐकून ठेवावा. लग्नगडी.)

या तालुक्यातून टिटवाळ्याला किती माणसं गेली? पंधराच्या आसपास. बस्स. हजारोंच्या सभेत पंधरा माणसं कुठे दिसणार? पण त्यांच्यातले झरीचे माह्या धांगडा उभे राहिले आणि वेठीत आपले लोक कसे राबवले जातात ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी मांडलं नाही. ही माणसं परत गेली आणि पाड्यांवर जे ऐकलं ते सांगत सुटली. साडेचार महिन्यांनी, २३ मे १९४५ ला, त्यांच्याच झरी गावात सभा भरली. तिला पाच हजारांवर वारली आले. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचं नाही, असं तिथे ठरलं, आणि त्यांनी ते पाळलं. किंमतही मोजली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी गेले.

"म्हणजे पंधरा माणसं पुरतात," धाकट्या मॅडम म्हणाल्या.

"पुरतात, पण त्यांच्यातल्या एकाने तरी बोलावं लागतं," मी म्हटलं. "आणि आता माइकपाशी कोण जाणार ते सांगा."

सगळ्या खाली बघायला लागल्या. सरांनीच मग मसुदा परत हातात घेतला. राग ओसरला होता. बराच वेळ खोडाखोड करून त्यांनी जे लिहिलं ते मला आजही पटतं. उर्दू शाळेत जी राखीव जागा उमेदवाराअभावी रिकामी आहे, तेवढीच जागा त्याच जिल्ह्यात मराठी माध्यमात त्याच प्रवर्गाला द्यावी आणि मराठीतली एक खुली जागा उर्दूकडे वळवावी. आरक्षणाचा जिल्ह्याचा आकडा एकानेही कमी होणार नाही. आणि हा बदल होईपर्यंत रिकाम्या वर्गावर उर्दू जाणणारा शिक्षक तात्पुरता नेमावा. नियमात ते बसतं की नाही हे शासनाने बघावं. मागणी तरी अशी असावी, की शेजारच्या शाळेतल्या मास्तरांच्या डोळ्याला डोळा देऊन वाचता येईल. आम्ही ती त्यांना खरंच वाचून दाखवली. ते वारली समाजाचे आहेत. त्यांनी दोनदा वाचायला लावली, 'त्याच प्रवर्गाला' या शब्दांखाली रेघ मारायला सांगितली, आणि म्हणाले, "हे ठेवणार असाल तर आमच्या तालुक्याचं अनुमोदन लिहा."

निघायच्या दिवशी डहाणूहून येणारी लोकल बोईसरला पकडली. दादरला उतरून पूल ओलांडला आणि देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलो. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, अंडी आणि एकीने हौसेने आणलेली सुक्या बोंबलांची चटणी. तो डबा उघडल्यावर समोरच्या बर्थवरचं कुटुंब काही न बोलता दाराकडे जाऊन उभं राहिलं. आम्ही माफी मागितली आणि डबा बंद केला. इशाची कसर आळीपाळीने बर्थवर बसूनच पढली. कल्याण सुटल्यावर मी धाकट्या मॅडमना खिडकीपाशी बोलावलं. शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. गाडी तिथे थांबत नाही. पिवळी पाटी दिव्याखाली दिसली न दिसली तोच मागे पडली. लोक या स्टेशनवर गणपतीच्या देवळासाठी उतरतात. त्या अधिवेशनाची कोणाला आठवण असण्याचं कारण नाही.

मांडवात या वेळी आम्ही सकाळी आठलाच जाऊन तिसरी रांग धरली. ठरावाच्या वीस प्रती मराठीत काढून नेल्या होत्या. रात्रीच निवासावर फिरून त्या नंदुरबार, नाशिक आणि गडचिरोलीच्या प्रतिनिधींना वाटल्या, कारण आदिवासी जिल्ह्यांचा विरोध झाला असता तर ठराव तिथेच पडला असता. अध्यक्षांना लेखी चिठ्ठी दिली की आमचा ठराव 'इतर विषयां'त नको. उत्तर आलं, दोन मिनिटं मिळतील, जेवणाआधी.

बोलायचं मी ठरलं होतं. पण ऐनवेळी मी धाकट्या मॅडमना उठवलं. त्यांच्या वर्गाला तिसरी-चौथी-पाचवी एकत्र बसते, माझ्या नाही. त्या थरथरत होत्या. नकाब जरा सैल केला, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या की मी फळ्याचे तीन भाग करते, एका भागावर लिहिते तेव्हा दोन भागांतली मुलं भिंतीकडे बघतात. एवढं बोलून त्या थांबल्या. घंटा वाजली, तरी कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. मग ठराव वाचला. गडचिरोलीच्या एका सरांनी दुरुस्ती सुचवली: बदल करण्याआधी जिल्ह्यातल्या आदिवासी शिक्षकांचंही म्हणणं घ्यावं. आम्ही ती लगेच स्वीकारली. हात वर झाले. काही झाले नाहीत, तेही मी मोजले. एकूण विरोधात नऊ.

ठराव मंजूर होणं म्हणजे शिक्षक मिळणं नव्हे, हे मला कळतं. पुढचं पत्र कोण लिहिणार, शिक्षण विभागाकडे शिष्टमंडळ कधी जाणार, हे या वेळी आम्ही मांडवातून उठण्याआधी पदाधिकाऱ्यांकडून लिहून घेतलं. तारीख मिळाली आहे. पाळतात की नाही ते दिसेल.

परत आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "जेवण कसं होतं?" पिठलं-भाकरी होती, छान होती, असं सांगितलं. मग त्यांनी पिशवी उघडून बघितली. या वेळी पिशवीत पेन नव्हतं, बिल्लाही नव्हता. तो मी शेजारच्या मास्तरांना दिला होता, त्यांच्या तालुक्याचं अनुमोदन होतं म्हणून. आत इतिवृत्ताची प्रत होती. ती त्यांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठे आहे?"

"नाही अम्मी. धाकट्या मॅडमचं आहे."

"हं," म्हणाल्या आणि प्रत परत पिशवीत ठेवली.

पुढची बैठक येत्या रविवारी, जोहरनंतर, आमच्याच घरी आहे. मनोरच्या दोघी पहिल्यांदा येणार आहेत. चहासोबत काय करायचं ते सासूबाईंनी कालच ठरवून ठेवलं आहे.