तळं बघून बॅग भरा

बसा पोरांनो जवळ. आज अशा गावाची गोष्ट सांगतो, जिथं जूनमध्ये रात्री अकरा वाजता अंगणात दिव्याशिवाय पेपर वाचता येतो, आणि त्याच दिवसांत पुढच्या तळ्यावर बर्फाच्या लाद्या तरंगत असतात. गावाचं नाव यलोनाइफ, कॅनडाच्या पार उत्तरेला. आपल्या भागातली पोरं आता शिकायला, नोकरीला कुठं कुठं जातात. उद्या तुमच्यापैकी कोणाला तिकडचं बोलावणं आलं, तर बॅगेत काय भरायचं हे आजच कळलेलं बरं.

आधी तळं समजून घ्या. ग्रेट स्लेव्ह त्याचं नाव. पसारा सुमारे २७,००० चौरस किलोमीटर. आपला अख्खा बऱ्हाणपूर जिल्हा सात वेळा मावेल आणि वर जागा उरेल. खोली ६१४ मीटर. उत्तर अमेरिकेत याहून खोल तळं नाही. असीरगड पायथ्यापासून उचलून त्यात ठेवला, त्याच्या डोक्यावर तेवढाच दुसरा ठेवला, तरी वरून होडी जाईल. एवढं पाणी सहजी तापत नाही आणि सहजी निवतही नाही. तिथले ऋतू सूर्य ठरवतो हे खरं, पण त्यांची तारीख हे तळं पुढं ढकलतं.

सूर्याचं असं आहे. आपलं गाव डोईफोडिया कर्कवृत्ताच्या थोडं खाली, २१ अंशांवर. म्हणून मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैच्या मध्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, तेव्हा मेमध्येच काठी रोवून बघा. यलोनाइफ ६२ अंशांवर आहे. तिथं डिसेंबरच्या २१ तारखेला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम चार अंश वर येतो आणि पाचेक तासांत मावळतो. जूनमध्ये तो वीस तास आकाशात असतो, पण दुपारीसुद्धा ५१ अंशांवर चढत नाही. म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सूर्यापेक्षा थोडासाच उंच.

मग वीस तास ऊन पडूनही बर्फ जूनपर्यंत टिकतो कसा? एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. बर्फाचं पाणी झालं तरी त्या पाण्याचं तापमान शून्यच! म्हणजे मे महिन्याचं ऊन बर्फ वितळवण्यातच खर्ची पडतं, आणि त्यातलंही पुष्कळ ऊन पांढरा बर्फ आकाशात परत धाडतो. मधलं मोठं तळं मोकळं व्हायला जूनचा मध्य उजाडतो. म्हणून जूनमध्ये गावात ऊन खात बसता येतं, पण तळ्यावरून वारा सुटला की स्वेटर शोधावा लागतो.

सप्टेंबरात याच्या उलट. जमीन निवते, पण तळ्यानं उन्हाळाभर घेतलेली ऊब अजून पाण्यात असते, ती काठाला मिळत राहते. आतल्या खाड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोठतात, खोल पाणी त्यानंतर.

आणि गोठतानाची करामत ऐका, मला ही सगळ्यात आवडते. पाणी थंड होताना आक्रसतं, जड होतं आणि खाली जातं. पण चार अंशांवर आलं की त्याचा स्वभाव पालटतो. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं. म्हणून बर्फ वर धरतो आणि तळाशी चार अंशांच्या आसपासचं पाणी उरतं. वर उणे ४० असो, खाली मासे फिरत असतात. पाणी इतर पदार्थांसारखं वागलं असतं, तर बर्फ तळापासून साचत गेला असता आणि मासा उरला नसता.

वरचा बर्फ इतका जाड होतो की त्यावरून मोटारी धावतात. यलोनाइफहून डेट्टाह या वस्तीला जमिनीवरून २७ किलोमीटर पडतात, हिवाळ्यात गोठलेल्या खाडीवरून साडेसहा. रस्त्यावरचं भुसभुशीत हिम यंत्रानं बाजूला सारतात, कारण हिमाच्या थराखाली थंडी पोचत नाही आणि बर्फ जाड होत नाही.

हे नीट ध्यानात धरा, कारण बॅगेचं सारं शास्त्र यातच आहे. हिमात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. आजीची गोधडी तरी दुसरं काय करते? कपडा ऊब देत नाही. ऊब तुमच्या अंगाची असते, कपडा ती राखतो. म्हणून एक जाडजूड कोट नको, तीन थर हवेत: अंगाला लागून पातळ लोकर, मधे फुगीर उबदार जाकीट, बाहेर वारा अडवणारा कोट. उणे ३० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर अंगाला उणे ४६ वाटतं, कारण वारा अंगालगतची उबदार हवा पळवून नेतो.

आता कापूसवाल्यांच्या घरात बसून एक कडू गोष्ट सांगतो. अंगालगत सुती बनियन नको. आपल्या उन्हाळ्यात सुतासारखं सुख नाही. ते घाम पितं, ओलं राहतं आणि गारवा देतं. तिथं तोच गुण जिवावर उठतो. साचून राहिलेल्या हवेपेक्षा पाणी वीसपटीहून अधिक वेगानं उष्णता नेतं. चालताना घाम आला आणि थांबलात, की ओलं सूत अंगातली ऊब ओढायला लागतं. लोकर घामाची वाफ पोटात घेते, तरी तिच्यातली हवा शाबूत राहते. तिथले मूळचे डेने लोक हे फार आधीपासून जाणत होते. कॅरिबू नावाच्या हरणाच्या केसांत हवेचे कप्पे असतात, त्याच्या कातड्याचे कपडे ते हिवाळ्यात वापरत.

हातमोजे चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट एक माप मोठे. आत जाड मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत. खोबरेल तर आपल्याकडेच थंडीत बाटलीत थिजतं, तिथं त्याच्या भरवशावर राहू नका. व्हॅसलिन न्या, कारण हवा कमालीची कोरडी असते. आपल्या ३० अंशांच्या घनमीटरभर हवेत ३० ग्रॅम वाफ मावते, उणे ३०च्या हवेत अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. ओठ फुटतात, नाक सुकतं. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, बॅटरी थंडीत झटकन उतरते.

उन्हाळ्यात जाल तर हे हिवाळी कपडे घरी ठेवा, तळ्यावरच्या वाऱ्यासाठी एक स्वेटर तेवढा न्या. जुलैत दुपारी २१-२२ अंश असतात. पण उथळ डबक्यांतून डासांची झुंबड उठते, तेव्हा पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, डोक्यावरून घ्यायची जाळी आणि झोपताना डोळ्यांवर बांधायला जाड पट्टी हवी. रात्रीही पुरता अंधार पडत नाही.

माझं विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं सप्टेंबर निवडावा. डास गेलेले असतात, तळ्यात ऊब शिल्लक असते, आणि रात्री पुरेशा काळ्या झाल्यानं हिरवा ध्रुवप्रकाश दिसू लागतो. एक लोकरीचा जोड, स्वेटर, पावसाचं जाकीट आणि कान झाकणारी टोपी, एवढ्यावर भागतं.