तुडतुड्याचं वर्ष आणि आठवणीचा हिशेब

२०१७च्या खरिपात गोंदिया-भंडारा पट्ट्यात धानावर तुडतुडा आला. बांध्यांमध्ये गोल गोल करपलेले चट्टे पडले आणि पुष्कळांच्या हाती धानाऐवजी तणसच उरली. त्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कापसावरच्या बोंडअळीसोबत धानावरच्या तुडतुड्यासाठीही मदत जाहीर झाली. असं वर्ष शेतकरी विसरत नाही. विसरू नये, हेही खरं. प्रश्न वेगळा आहे: पुढच्या हंगामात बुंध्याशी दोन-चार तुडतुडे दिसले की त्या वर्षाची आठवण त्याला काय करायला सांगते?

ती सांगते, पंप पाठीवर घे.

“एकदा पोळलेला माणूस पुढच्या वेळी शहाणपणानं वागतो”

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे आपण शहाणपणाचं लक्षण मानतो. ताकाच्या बाबतीत फुंकण्यानं काही बिघडत नाही. तुडतुड्याच्या बाबतीत बिघडतं. तुडतुड्याची मादी पानाच्या आवरणाच्या आत अंडी घालते, त्यामुळे फवारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मरतात ते कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मित्रढेकूण. मग अंडी फुटतात तेव्हा बांधीत पिल्लांना खाणारं कोणी उरलेलं नसतं आणि तुडतुडा आधीपेक्षा जास्त वाढतो. इंडोनेशियानं हा धडा महागात घेतला आणि १९८६ साली भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर एकाच आदेशानं बंदी घातली. आपल्याकडचे कृषितज्ज्ञही हेच सांगतात: चुडाला साधारण १० तुडतुडे दिसेपर्यंत थांबा, बांधीतलं पाणी काढा, रोवताना अधेमधे मोकळे पट्टे सोडा, युरियाचा हात आखडता ठेवा.

आता गंमत पाहा. दाट रोवणा, जास्तीचा युरिया, साचलेलं पाणी या गोष्टी तुडतुड्याला पोसतात. पण वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहतो तो करपलेला चट्टा. ऑगस्टमध्ये युरियाची किती पोती टाकली, हे कोणाला आठवतं? आठवण परिणाम जपते, कारणं गाळते. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बाकीचे गैरसमज तिचीच पिल्लावळ आहेत.

“जे चटकन आठवतं, ते जास्त वेळा घडत असणार”

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली हे पारखून पाहिलं. त्यांनी लोकांना ३९ नावांची यादी ऐकवली. एका यादीत १९ प्रसिद्ध स्त्रिया होत्या आणि तितके प्रसिद्ध नसलेले २० पुरुष. यादीत जास्त कोण, असं विचारल्यावर बहुतेकांनी स्त्रिया म्हटलं. यादी उलटी केली तर उत्तरही उलटं आलं. ऐकणाऱ्यांनी मोजलं नव्हतं. कोणती नावं सहज आठवतात एवढंच पाहिलं होतं आणि त्यालाच ते मोजणं समजत होते.

गोंदिया जिल्ह्यात या यादीतलं प्रसिद्ध नाव म्हणजे वाघ. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे आणि त्याच्या भोवती गावं आहेत. वाघानं माणूस मारला की ती बातमी आठवडाभर चालते आणि गोष्ट पिढीभर. देशभरात वाघाच्या हल्ल्यांत जाणारे जीव बहुतेक वर्षी शंभराहून कमी असतात. सर्पदंशाचं काय? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सापाच्या दंशानं दगावली, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे नेमके धानाच्या दिवसांत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही, सूज नाही की आग नाही. म्हणून त्याची गोष्टही होत नाही. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यावर चांगला उपाय आहे, पण मच्छरदाणीनं वाचलेल्या रात्रीची आठवण कशी राहणार? त्या रात्री काही घडलेलंच नसतं.

इथे शहरातल्या लेखकांची एक सवय मला खटकते. देशाची सरासरी दाखवून ते गावकऱ्याच्या वाघाच्या भीतीला अडाणी ठरवतात. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात वाकणाऱ्या बाईसाठी देशाच्या सरासरीला काही अर्थ नाही. तिची भीती हिशेबाला धरून आहे. चूक होते ती त्याच बाईला पावसाळ्यात जमिनीवर झोपताना काहीच वाटत नाही तेव्हा.

“ज्यानं मोठा पूर पाहिलाय, त्याला पूर कळतो”

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडावं लागलं आणि ते गोंदिया, भंडाऱ्यावरून पुढे चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत पसरलं. नदीकाठच्या माणसाची पुराची अटकळ त्याच्या आकाशावर आणि मागच्या पुराच्या खुणेवर बांधलेली असते. त्या वेळी पाणी वडापर्यंत आलं होतं, म्हणजे आताही वडापर्यंतच येईल. रॉबर्ट केट्स या भूगोलज्ञानं १९६२ साली अमेरिकेतल्या पूरपट्ट्यात हेच पाहिलं. लोकांनी पूर्वी जितका पूर अनुभवला होता, त्याहून मोठा पूर त्यांना कल्पनेतही आणता येत नव्हता. अनुभव नसलेला माणूस सरकारी इशारा निदान ऐकतो. अनुभव असलेला तो वडाच्या खुणेशी ताडून पाहतो. आणि वरच्या धरणाचे दरवाजे किती उघडलेत, हे त्या खुणेला माहीत नसतं.

उलट बाजूही आहे. पूर ओसरला की काळजीही हळूहळू ओसरते. अमेरिकेत पुरानंतरच्या वर्षी पूरविमा घेणारे वाढतात आणि मग दरवर्षी कमी होत पुन्हा मूळच्या आकड्यावर येतात, असं तिथल्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं आहे. दरम्यान नदी आपली जागा सोडून गेलेली नसते.

म्हणून काही ठिकाणी आठवण डोक्याबाहेर ठेवतात. जपानमधल्या आनेयोशी गावानं १९३३ च्या त्सुनामीनंतर टेकडीच्या उतारावर दगड उभारला: याच्या खाली घरं बांधू नका. २०११ साली त्सुनामीचं पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. आपल्याकडेही अशी डोक्याबाहेर ठेवलेली आठवण आहे. गावाला चराईचा, लाकडाचा हक्क कुठे आणि किती, हे पूर्व विदर्भात निस्तार पत्रकात लिहिलेलं असतं. चराईचा तंटा निघाला की म्हाताऱ्यांच्या सांगण्यापेक्षा तो कागद वजनदार ठरतो.

“मी तेव्हाच म्हटलं होतं”

भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघ या गैरसमजाची प्रयोगशाळाच आहे. २००९ साली प्रफुल्ल पटेल निवडून आले. २०१४ मध्ये नाना पटोलेंनी त्यांना भाजपकडून हरवलं. पटोलेंनी राजीनामा दिल्यावर २०१८ ची पोटनिवडणूक राष्ट्रवादीच्या मधुकर कुकडेंनी जिंकली, २०१९ ला भाजपचे सुनील मेंढे, २०२४ ला काँग्रेसचे प्रशांत पडोळे. पारडं इतक्या वेळा फिरलं, तरी चहाच्या टपरीवर निकाल चुकलेला माणूस शोधून सापडत नाही.

ही माणसं खोटं बोलत नाहीत, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून काय काय घडेल याचे अंदाज आधीच लिहून घेतले. नंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं? जे घडलं त्याला आपण प्रत्यक्षात लिहिली होती त्याहून जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना आठवू लागलं. निकाल कळला की जुना अंदाज आपोआप दुरुस्त होतो आणि दुरुस्तीची खूण राहत नाही.

ठामपणावरही जाऊ नका. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी कुठे, कोणाकडून, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा दर चौघांत एकाची हकीकत पहिल्या कागदाशी मुळीच जुळेना. स्वतःच्याच अक्षरातला जुना कागद दाखवूनही काहींना नवी आठवणच खरी वाटत राहिली.

“मग आठवण बाजूला ठेवून निर्णय घ्यावा”

हा शेवटचा गैरसमज वरचं सगळं वाचून होण्यासारखा आहे. २००७ साली डेमिस हसाबिस आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांना एक साधं काम दिलं: समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात अशी कल्पना करा आणि काय दिसतं ते सांगा. बहुतेकांना ते धड जमेना. निळा रंग सांगता येई, वाळू सांगता येई, पण त्यांचा किनारा होत नव्हता. ज्यांचा भूतकाळ पुसला होता, त्यांना न घडलेलं दृश्यही उभं करता येत नव्हतं.

ज्या मेंदूतून वडाची खूण निघते, त्यातूनच पुढचा खरीप दिसतो. जूनमध्ये बियाण्याच्या दुकानात उभा असलेला माणूस यंदा कोणतं वाण घ्यायचं ते ठरवतो, तेव्हा मागच्या पावसाचा, मागच्या तुडतुड्याचा आणि खरेदी केंद्रावर अडकलेल्या चुकाऱ्यांचा माल जोडूनच तो न आलेला नोव्हेंबर उभा करत असतो. दुसरा माल त्याच्याकडे नाही. त्यात युरियाच्या पोत्यांचा आकडा मात्र नसतो. तो खतदुकानदाराच्या पावतीवर असतो, आणि पावती बहुतेक घरांत दिवाळीच्या साफसफाईत जाते.