लाल दिवा, निऑन आणि कर्ण्यासमोरचा कुत्रा

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ७०६, युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर विटांची एक छोटी इमारत आहे. सॅम फिलिप्स यांनी जानेवारी १९५० मध्ये तिथे ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ सुरू केली. लग्न असो, अंत्ययात्रा असो की भाषण, पैसे देईल त्याचा आवाज ते मुद्रित करून देत. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे कळावे म्हणून खिडकीत निऑनच्या अक्षरांत नाव लावले. जुलै १९५४ मध्ये याच खोलीत एल्व्हिस प्रेस्लीची पहिली व्यावसायिक तबकडी मुद्रित झाली आणि ही जागा ‘सन स्टुडिओ’ म्हणून जगभर पोहोचली.

आज मुंबई-पुण्यात फ्लॅटमधल्या एका खोलीत स्टुडिओ उभारणारे तरुणही भिंतीवर निऑनसारखी अक्षरे, ‘ऑन एअर’चा लाल डबा, गंजलेली दिसणारी पत्र्याची पाटी लावतात. ही हौस चांगलीच आहे. मात्र यातली प्रत्येक वस्तू कधीकाळी कामाची होती आणि ते काम माहीत असेल तर निवडही चांगली होते.

लाल दिव्याचेच पाहा. टेप येण्यापूर्वी आवाज थेट मेणाच्या जाड तबकडीवर कोरला जाई. एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. मध्येच कुणी दार उघडले, खोकला आला, तर ते मेण वाया जाऊन सगळे पहिल्यापासून करावे लागे. टेप आल्यावरही आपल्याकडे चित्रपटाची गाणी कितीतरी वर्षे गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र बसूनच मुद्रित होत. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनचा सूर हलला, की पुन्हा पहिल्यापासून. त्या काळात दारावरच्या लाल दिव्याचा अर्थ एकच होता: आत कुणाची तरी मेहनत पणाला लागली आहे.

कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा मराठी घरांतही ओळखीचा. त्याचे नाव निपर. तो १८९५ मध्ये गेला; चित्रकार फ्रान्सिस बरॉ यांनी त्याचे चित्र त्यानंतर रंगवले. मूळ चित्रात त्याच्यासमोर एडिसन पद्धतीचा, नळकांडे फिरवणारा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना अट घातली, की यंत्र आमचे दिसले पाहिजे. बरॉ यांनी जुन्या यंत्रावरच पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन रंगवला. चित्र, हक्कांसह, १०० पौंडांना गेले. विशिष्ट कोनातून पाहिले तर खालचे जुने यंत्र रंगाच्या थराआडून अजून जाणवते.

हे चित्र पुढे कंपनीचे चिन्ह झाले. अशा चिन्हांच्या दुकानी पाट्या एनॅमलच्या असत. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत पूड पसरायची आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजायची. प्रत्येक रंगासाठी वेगळा थर, बहुधा वेगळी भाजणी. त्यामुळे अस्सल पाटीवरून बोट फिरवले तर रंगांच्या कडा हाताला लागतात. टवका उडालेला असतो तो स्क्रूच्या भोकांपाशी किंवा कोपऱ्यावर, आणि गंज तिथूनच पसरतो. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या पाट्यांबरोबर नव्या छापील नकलाही मिळतात. नक्कल सपाट लागते. तिचा गंजही छापलेलाच असतो. नक्कल घ्यायला हरकत नाही, फक्त अस्सलची किंमत मोजू नये.

निऑन त्या मानाने तरुण. जॉर्ज क्लोद यांनी डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात १२-१२ मीटरच्या दोन नळ्या उजळून दाखवल्या. शुद्ध निऑन वायूचा उजेड नारिंगी-लाल असतो. निळ्यासाठी आरगॉन आणि पारा लागतो. कारागीर ज्योतीवर काच मऊ करून हाताने अक्षर वळवतो. स्टुडिओत पंचाईत होते ती याच्या ट्रान्सफॉर्मरची. तो काही हजार व्होल्ट देतो आणि गुणगुणतो. ती घरघर मायक्रोफोनमध्ये शिरतेच, इलेक्ट्रिक गिटारचे पिकअपही ती उचलतात. म्हणून खरे निऑन बाहेरच्या खोलीत शोभते, आत एलईडी बरे. त्याचाही स्वस्तातला डिमर आवाज करू शकतो. टांगण्यापूर्वी मायक्रोफोन लावून ऐकावे.

पत्र्याची पाटी बासच्या सुरावर थरथरते. मागे फेल्ट किंवा रबराच्या चकत्या लावल्या की थांबते. काच किंवा एनॅमल स्पीकरच्या बाजूच्या भिंतींवर समोरासमोर लावू नये. आवाज आपटून परत येतो आणि मिक्सिंग फसते.

काही पाट्या मात्र पुढचे सांगून जातात. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी यांनी कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि १९५९ मध्ये वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधे घर घेतले. त्यावर पाटी लावली ‘हिट्सव्हिल यूएसए’, म्हणजे लोकप्रिय गाण्यांचे गाव. मोटाउनचे गाणे पहिल्यांदा अमेरिकेच्या मुख्य यादीत अव्वल ठरायला डिसेंबर १९६१ उजाडला. ते घर आता संग्रहालय आहे. आपल्या भिंतीसाठी पाटी शोधणाऱ्यांनी मेम्फिस-डेट्रॉइटची नक्कल करण्याआधी स्वतःच्या स्टुडिओचे नाव एखाद्या पेंटरकडून हाताने रंगवून घ्यावे.

मधल्या काळात बंद पडलेला मेम्फिसचा स्टुडिओ १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे दिवसा पर्यटक येतात आणि रात्री रेकॉर्डिंग चालते.